तांत्रिक अडचण विचारायची कोणाला? कोल्हापूर परिसरातील विद्यापीठे व महाविद्यालयांच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव, मा. प्राचार्य आणि संस्थाचालक,
कोल्हापूर परिसरातील सर्व विद्यापीठे व महाविद्यालये

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी येणारा जवळजवळ प्रत्येक संबंध आता संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरून जातो. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, शिष्यवृत्ती, श्रेयांकांची नोंद आणि शोधप्रबंध सादर करणे हे सारे ऑनलाइन झाले, आणि ते चांगलेच झाले. एका शिक्क्यासाठी चंदगडहून किंवा गगनबावड्याहून एसटीने कोल्हापूर गाठायचे आणि दिवस घालवायचा, ही वेळ पुन्हा कोणावर येऊ नये. मात्र ही कामे ऑनलाइन करताना एक गोष्ट ठरवायची राहून गेली. पडद्यावर काही अडले तर विचारायचे कोणाला, हे विद्यार्थ्याला माहीत नसते, प्राध्यापकाला माहीत नसते आणि बहुतेक वेळा कार्यालयातील लिपिकालाही माहीत नसते.

मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालय सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडे असते, तिथे संगणक असतात आणि आत येण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून ही सगळी अडलेली माणसे आमच्या टेबलापाशी येतात. त्यांच्या प्रश्नांवरून माझी खात्री झाली आहे की आपल्या विद्यापीठ समुदायाला मराठीतून बोलणारा, पूर्णवेळ माणसे असलेला आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचणारा एक तंत्रसाहाय्य कक्ष हवा आहे, आणि त्या कक्षाचे काम बिघाड दुरुस्त करण्यापुरते न राहता कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, कोणते घेऊ नये, आपली माहिती कुठे ठेवावी, याचा वेळेवर सल्ला देणे हेही असले पाहिजे. हे पत्र त्या मागणीसाठी आहे.

आज मदत मिळतच नाही असे नाही. ती तुकड्यातुकड्यांत मिळते. संगणक बंद पडला तर वार्षिक देखभालीचा करार असलेला दुकानदार येतो, नेट गेले तर प्रयोगशाळा साहाय्यक धावपळ करतो, वेबसाइटचे काम संगणकशास्त्राचे प्राध्यापक तास सांभाळून बघतात आणि परीक्षेच्या प्रणालीसाठी पुरवठादार कंपनीचा एक फोन नंबर असतो, जो अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात लागत नाही. प्रत्येक जण आपापला तुकडा प्रामाणिकपणे सांभाळतो; पण अडचण अशा तुकड्यांत येत नाही. विद्यार्थिनीचे आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही म्हणून तिचे श्रेयांक बँकेचे (मिळवलेले श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) खाते उघडत नाही, तेव्हा हा प्रश्न परीक्षा विभागाचा, आधार केंद्राचा की महाविद्यालयाचा? आपल्याकडे गुणपत्रिकेत आडनाव आधी येते, आधारवर बहुधा नाव आधी असते, आणि लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर दोन्हीकडची आडनावेच वेगळी असतात. ही अडचण दर वर्षी त्याच स्वरूपात येते, तरी तिचे उत्तर कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवले आहे आणि ते सर्वांना सापडते, असे होत नाही.

शिष्यवृत्तीचे उदाहरण याहून गंभीर आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसह राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात आणि महाविद्यालयाने आपल्या लॉगिनमधून ते तपासून पुढे पाठवायचे असतात. अशा लॉगिनचा पासवर्ड एकाच लिपिकाला ठाऊक असतो, ओटीपी त्याच्याच वैयक्तिक मोबाइलवर येतो, आणि तो निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली की मुदत तोंडावर असताना त्याला घरी फोन करून ओटीपी विचारण्याची वेळ येते. विद्यार्थ्यांच्या बाजूची स्थिती तर अधिक काळजीची आहे. ते नेट कॅफेत जातात, तिथल्या माणसाला आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असे सगळे कागद व्हॉट्सअॅपवर पाठवतात, पासवर्डही तोच ठरवतो आणि वहीत लिहून ठेवतो. कॅफेचालक बहुतेक वेळा भला माणूस असतो आणि मुलांचे काम तोच तडीस नेतो. पण शेकडो मुलांची ओळखपत्रे एखाद्या दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहणे धोक्याचे आहे, आणि ही जबाबदारी आपण न घेतल्यामुळे ती त्याच्यावर जाऊन पडली आहे. अधिकृत कामाचा मोबाइल नंबर पदाच्या नावाने असावा, लॉगिन दोन व्यक्तींकडे असावे, पदभार देताना त्याचीही नोंद व्हावी, एवढे साधे नियम सर्व महाविद्यालयांना कोणी सांगितले आणि ते पाळले जातात का हे पाहिले, तरी दर वर्षीची निम्मी धावपळ वाचेल.

सल्ला वेळेवर न मिळाल्याने पैशाचे नुकसान कसे होते, हेही सांगितले पाहिजे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ही तारीख बरीच आधी जाहीर झालेली होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील बरेच चालू स्थितीतले संगणक त्या प्रणालीसाठी अपात्र ठरतात. अशा वेळी तीन मार्ग होते: शैक्षणिक संस्थांसाठी ठेवलेली वाढीव सुरक्षा अद्यतने घेणे, ज्याचा दर पहिल्या वर्षी प्रति संगणक एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार असा जाहीर झाला होता, जुन्या संगणकांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंटसारखी मुक्त, मोफत प्रणाली बसवणे, किंवा नवीन संगणक घेणे. यातला कोणता मार्ग कोणत्या प्रयोगशाळेला योग्य, हे तिथे काय शिकवले जाते यावर ठरते. जिथे प्रोग्रॅमिंग आणि टंकलेखन चालते तिथे लिनक्स उत्तम चालेल, जिथे केवळ विंडोजवर चालणारे लेखा सॉफ्टवेअर शिकवायचे आहे तिथे चालणार नाही. हा विचार करून देणारे कोणी नसल्यामुळे काही ठिकाणी चांगले संगणक भंगारात निघाले, काही ठिकाणी असुरक्षित प्रणाली तशीच चालू राहिली, आणि काही ठिकाणी दुकानदाराने क्रॅक केलेली (परवाना डावलून चालवलेली) प्रत टाकून दिली. क्रॅकसोबत येणारे घातक प्रोग्रॅम परीक्षा विभागाच्या संगणकापर्यंत पोहोचले तर काय होईल, याचा विचार खरेदी समितीच्या बैठकीत व्हायला हवा होता.

आता ज्या विषयाबद्दल मला सर्वात जास्त बोलायचे आहे तो म्हणजे मराठीतील लेखन. आपल्या भागात मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांत मराठीतून संशोधन करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचे प्रबंध आजही टायपिंग करून देणाऱ्याच्या दुकानात, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये तयार होतात. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी जगभर मान्य पद्धत.) असा फाँट वापरला की कागदावर मराठी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने त्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. फाँट केवळ त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. प्रबंध छापून, बांधून कपाटात ठेवेपर्यंत त्यात काही बिघडलेले जाणवत नाही. तोच प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या देशभरातील पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो तेव्हा खरी हानी कळते, कारण त्यातील एकही मराठी शब्द शोधयंत्राला सापडत नाही. पंचगंगा खोऱ्यातील सहकारी चळवळीवर कोणी वर्षानुवर्षे खपून लिहिलेले असते, आणि पुढच्या संशोधकाने ‘पंचगंगा’ असे लिहून शोधले तर ते समोर येत नाही. वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो मजकूर वाचता येत नाही, त्यामुळे तपासणीचा अहवाल निरर्थक ठरतो. आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर तो प्रबंध अस्तित्वातच नसतो, कारण एनव्हीडीए हे मोफत मिळणारे स्क्रीन रीडर युनिकोडमधील मराठी वाचून दाखवू शकते, पण जुन्या फाँटमधील फाइल उघडली की नुसती निरर्थक अक्षरे ऐकू येतात.

यावरचा उपाय फुकट आहे. विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या तिन्हींत मराठी युनिकोड कीबोर्ड आधीपासून असतो, तो फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. इनस्क्रिप्ट ही मांडणी भारतीय मानक आहे आणि रोज थोडा सराव केला तर काही आठवड्यांत हात बसतो. ‘ऱ’ कुठे सापडतो हे विचारणारे पुष्कळ जण भेटतात. तो ‘र’ च्याच बटणावर शिफ्ट दाबून मिळतो, आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ हे दोन्ही शब्द बिनचूक लिहिता येतात. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही उपलब्ध आहेत, मात्र त्यांनी बदललेला मजकूर ओळ न् ओळ तपासावा लागतो, कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागी चुका राहतात. हे सगळे एका विद्यार्थ्याला दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण प्रबंध पूर्ण झाल्यावर तो रडकुंडीला येऊन विचारतो तेव्हा चारशे पाने बदलायची असतात. नोंदणीच्या वेळीच त्याला कोणी सांगितले असते तर ही वेळ आली नसती. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की पीएच.डी. नोंदणीनंतरच्या अभ्यासक्रमात युनिकोड टंकलेखन, शैली (स्टाइल) वापरून शीर्षके देणे, आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका आणि झोटेरोसारख्या मोफत साधनाने संदर्भ ठेवणे यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असावे, आणि प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारला जाईल असा नियम पुरेशी पूर्वसूचना देऊन करावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. त्या भाषेतले आपल्याच विद्यापीठांतले ज्ञान शोधता यावे, हे त्यानंतर करायचे पहिले काम आहे असे मला मनापासून वाटते.

संशोधकांच्या इतर गरजांबद्दल थोडक्यात लिहितो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये संशोधन नियतकालिके संस्थांना वाचायला उपलब्ध करून देणारी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. एवढा खर्च झाल्यावरही सहभागी संस्थेतला संशोधक घरून लॉगिन कसे करायचे हे माहीत नसल्यामुळे एखादा लेख मिळवण्यासाठी भलत्या संकेतस्थळांकडे वळत असेल, तर त्या योजनेचा उपयोग आपण पुरता करून घेतलेला नाही. संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी विद्यार्थी महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत शोधत फिरतात, कारण त्यांच्या मार्गदर्शकांनी तेच वापरले होते. आर आणि पायथन या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकभाषा मोफत आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल उपक्रमात अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यांतले अनेक मराठीतही आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही हेच म्हणता येईल. प्रकल्पलेखनात त्यांचा वापर कुठवर चालेल आणि तो कसा नमूद करायचा, याबाबत प्रत्येक विभाग वेगळे सांगतो, आणि विद्यार्थ्यांच्या गुणांची किंवा मुलाखतींची नावानिशी माहिती अशा साधनांना देऊ नये, हे तर अनेक प्राध्यापकांनाही कोणी सांगितलेले नाही.

माहिती जपून ठेवण्याचा प्रश्न कोल्हापुरात वेगळ्या अर्थाने निकडीचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी किती वर आले, हायवे कसा बंद पडला आणि शिरोळ तालुक्यातली गावे किती दिवस पाण्यात राहिली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही तळमजल्यावरच्या कार्यालयात एकच संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात त्याच्या बॅकअपची हार्ड डिस्क, ही व्यवस्था अजून सर्रास दिसते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर मान्य असलेला नियम आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत आला पाहिजे. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर न थांबता तो वर्षातून एकदा परत उघडून पाहिला पाहिजे. क्लाउडवर ठेवले म्हणजे कायमचे राहिले, असेही समजून चालत नाही. गूगलने शैक्षणिक संस्थांसाठीची अमर्याद साठवण २०२२ मध्ये बंद करून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. अशी मर्यादा आली की जुनी खाती बंद होऊ लागतात, आणि त्यांत कोणाच्या संशोधनाच्या मुलाखती होत्या हे आधी विचारायला कोणीतरी नेमलेले असावे लागते.

कायद्यानेही आता जबाबदारी वाढवली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते. आपल्या एखाद्या महाविद्यालयात शनिवारी रात्री ईमेल खाते कोणी बळकावले तर पहिला फोन कोणाला करायचा, हे तिथल्या किती जणांना सांगता येईल? विद्यार्थ्याची आर्थिक फसवणूक झाली तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, हे वसतिगृहाच्या फलकावर लिहिलेले असावे, इतक्या साध्या गोष्टीपासून सुरुवात करता येईल.

कक्ष कसा असावा याबद्दल माझे म्हणणे असे आहे. त्याला एकच फोन नंबर, एकच ईमेल पत्ता आणि एक उघडे दार असावे. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक मिळावा आणि तो कोणाकडे आहे, कधी सुटला, हे विचारणाऱ्याला दिसावे. वेळ दुपारी चार वाजता संपू नये, कारण काम करून शिकणारी मुले त्यानंतरच मोकळी होतात. उत्तर मराठीत, शांतपणे आणि समोरच्याला कमी न लेखता दिले जावे. प्रश्न विचारायला संकोचणारा वयस्कर लिपिक किंवा पहिल्यांदा लॅपटॉप हाताळणारी मुलगी एकदा हिरमुसली की पुन्हा येत नाही. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तारखेसह लिहून प्रसिद्ध करावीत आणि दर सत्रात ती तपासावीत, कारण जुनी झालेली सूचना ही सूचना नसण्यापेक्षा जास्त घोळ करते. गारगोटी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, राधानगरी, मलकापूर या ठिकाणी, प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या काळात तरी, ठरलेल्या वारी कक्षाची माणसे एखाद्या महाविद्यालयात बसावीत. आणि ठरावीक रकमेपुढची कोणतीही सॉफ्टवेअर खरेदी कक्षाच्या लेखी अभिप्रायाशिवाय होऊ नये; मुक्त पर्याय आहे का, करार संपल्यावर आपली माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, मराठी नीट चालते का आणि दृष्टिहीन व्यक्तीला ते वापरता येते का, हे चार प्रश्न त्या अभिप्रायात असलेच पाहिजेत.

मनुष्यबळाचा प्रश्न आपण उपस्थित कराल, आणि तो रास्त आहे. पदे रिक्त आहेत, अनुदान अपुरे आहे, हे मी रोज पाहतो. पण कमवा व शिका योजनेतील विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन या कक्षात काम देता येईल. बागकाम आणि कार्यालयीन कामाइतकेच हेही कष्टाचे काम आहे, आणि त्यातून त्यांच्या हाती एक व्यवसाय येईल. मात्र त्यांच्यावर देखरेख करणारे किमान दोन पूर्णवेळ, अनुभवी आणि नियमित वेतनावरचे कर्मचारी असल्याशिवाय हा कक्ष सुरू करू नये, कारण विद्यार्थ्यांच्या हाती पासवर्ड आणि गुणपत्रिका येऊ देणे योग्य नाही, आणि कंत्राटी माणूस सहा महिन्यांनी बदलला की सगळे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. संगणकशास्त्र विभागावर हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवू नये, अशीही विनंती आहे. त्यांचे काम शिकवणे आणि संशोधन करणे हे आहे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. एका विद्यापीठाने आपल्या परिसरातील एक खोली, दोन माणसे आणि एक फोन एवढे येत्या जूनच्या प्रवेशापूर्वी उपलब्ध करून द्यावे, पहिले सत्र केवळ नाव जुळणी, शिष्यवृत्ती लॉगिन आणि मराठी टंकलेखन या तीनच विषयांवर काम करावे, आणि सत्र संपल्यावर किती प्रश्न आले, किती सुटले, किती अडून राहिले याचा अहवाल अधिसभेपुढे ठेवावा. पुढचे विषय आणि पुढची पदे त्या अहवालावरून ठरवता येतील. परिसरातील ग्रंथपालांना या कामात सहभागी करून घ्यावे. आमच्याकडे जागा आहे, वेळ आहे आणि विद्यार्थी आमच्याकडे येतातच. अर्थसंकल्पाचे प्रस्ताव तयार होत असताना या कक्षासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि तसा निर्णय झाल्यास तो सर्व महाविद्यालयांना लेखी कळवावा, ही विनंती.

कळावे,

आपला विनम्र,
एका अनुदानित महाविद्यालयाचा ग्रंथपाल
कोल्हापूर